टेस्टोस्टेरॉन कमी निघालं, मग पुढे काय? क्लाइनफेल्टरच्या निदानापासून इंजेक्शनपर्यंत माझा अनुभव

माझं निदान क्लाइनफेल्टर सिंड्रोम. पुरुषात एक एक्स आणि एक वाय गुणसूत्र असतं. माझ्यात एक्स एक जास्त आहे, म्हणजे 47,एक्सएक्सवाय. साधारण 500 ते 1000 पुरुषांमागे एकाला हे असतं आणि कितीतरी जणांना आयुष्यभर त्याचा पत्ता लागत नाही. मोठेपणी कळतं ते बहुधा मूल होत नाही म्हणून तपासण्या सुरू झाल्यावर. माझंही तसंच झालं. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे वृषणांत तयार होणारं पुरुषी हार्मोन, कमी असण्याचं माझं कारण हे; तुमचं वेगळं असू शकतं, पण सुरुवातीच्या तपासण्या सगळ्यांना त्याच लागतात.

आधी बघायचं, रक्त कधी दिलं. टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वांत जास्त असतं आणि दिवस चढेल तसं उतरतं, खाल्ल्यावरही खाली येतं. म्हणून सकाळी 7 ते 10 च्या दरम्यान, उपाशीपोटी. चहा-बिस्किटंही नकोत. फुल बॉडी चेकअपच्या पॅकेजमध्ये दुपारी घेतलेल्या रक्तावरून काही ठरवू नका. आकडा कमी आलाच, तर दुसऱ्या एखाद्या दिवशी सकाळी पुन्हा तपासायचं. ताप किंवा मोठं आजारपण नुकतंच झालं असेल तर आधी बरे व्हा. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांना सांगून काही दिवस आधी बंद करा. काही मशीनवर बायोटिनमुळे टेस्टोस्टेरॉन खोटंच जास्त आणि एलएच (वृषणांना कामाला लावणारं हार्मोन) खोटंच कमी दिसतं. 300 नॅनोग्रॅम प्रति डेसीलिटरच्या खालचं टेस्टोस्टेरॉन बरेच डॉक्टर कमी धरतात, पण सोबत लक्षणंही हवीत: कामेच्छा कमी होणं, सकाळचा ताठरपणा जाणं, दाढी विरळ होणं, हाडं ठिसूळ होणं. वजन जास्त असेल किंवा मधुमेह असेल तर एसएचबीजी हे टेस्टोस्टेरॉनचं वाहक प्रथिन घटतं आणि एकूण आकडा उगाच कमी दिसतो. तेव्हा एसएचबीजी आणि अल्ब्युमिन (रक्तातलं आणखी एक प्रथिन) तपासून मुक्त, म्हणजे प्रथिनांना न चिकटलेल्या टेस्टोस्टेरॉनचा हिशेब काढावा लागतो.

खरं उत्तर एलएच आणि एफएसएच देतात. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी या दोन हार्मोन्सनी वृषणांना कामाला लावते. टेस्टोस्टेरॉन कमी आणि हे दोन्ही वाढलेले, तर वरून हुकूम येतोय पण वृषणं काम करत नाहीत. माझा रिपोर्ट असा होता. टेस्टोस्टेरॉन कमी असूनही एलएच कमी किंवा नॉर्मल असेल तर गडबड वर आहे. मग प्रोलॅक्टिन (पिट्युटरीचंच आणखी एक हार्मोन), थायरॉइड, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी), गरजेनुसार पिट्युटरीचा एमआरआय. लठ्ठपणा, अफूजन्य वेदनाशामकं आणि जिममध्ये घेतलेली स्टेरॉइडची इंजेक्शनं हीसुद्धा कारणं असतात, आणि ती लपवली तर तपासणी भलतीकडेच जाते.

एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोन्सचे डॉक्टर, ऑर्किडोमीटर वापरतात. 1 ते 25 मिलीलीटर आकाराच्या अंडाकृती मण्यांची ती माळ असते. एका हाताने मणी चाचपत दुसऱ्या हाताने वृषणाचा आकार ताडून बघतात. प्रौढ पुरुषात तो साधारण 15 च्या पुढे असतो, क्लाइनफेल्टरमध्ये बहुतेकदा 5 च्या आत, आणि हाताला घट्ट लागतो. दोन मिनिटांची ही तपासणी लाजेपोटी टाळू नका, डॉक्टरांनी केली नाही तर स्वतः विचारा. त्यानंतर कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची तपासणी. त्यासाठी रक्तातल्या पेशी वाढवाव्या लागतात, म्हणून रिपोर्टला बरेच दिवस लागतात.

आता सर्वांत कळकळीने सांगायचं ते: मूल हवं असेल तर टेस्टोस्टेरॉन सुरू करण्याआधी थांबा. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की पिट्युटरी एलएच-एफएसएच बंद करते आणि उरलंसुरलं शुक्राणूंचं कामही थांबतं. ज्यांचा दोष पिट्युटरीत आहे त्यांना एचसीजी (एलएचसारखं काम करणारं हार्मोन) आणि एफएसएचची इंजेक्शनं देऊन शुक्राणू तयार करता येतात. क्लाइनफेल्टरमध्ये वीर्यात शुक्राणू नसले तरी मायक्रो-टेसे हा मार्ग आहे: सूक्ष्मदर्शकाखाली वृषणातल्या त्यातल्या त्यात भरलेल्या नलिका शोधून शुक्राणू काढतात. सुमारे 40 ते 50 टक्के जणांत ते सापडतात. मग गोठवून ठेवता येतात. या शस्त्रक्रियेनंतर टेस्टोस्टेरॉन आणखी उतरू शकतं, हे आधी माहीत असलेलं बरं.

औषधाचे प्रकार बरेच आहेत. जेल रोज खांद्याला-दंडाला लावायचं, सुकू द्यायचं, वर शर्ट घालायचा, हात साबणाने धुवायचे. घरात लहान मूल असेल तर त्वचेच्या स्पर्शातून औषध त्याच्या अंगात जाऊ शकतं, म्हणून अशा घरात मी इंजेक्शनच सुचवेन. टेस्टोस्टेरॉन एनान्थेटचं इंजेक्शन आठवड्याला 100 मिलिग्रॅम किंवा दोन आठवड्यांनी 200. दोन आठवड्यांच्या वेळापत्रकात शेवटच्या दिवसांत मरगळ जाणवते, कारण पातळी खाली आलेली असते. मी टेस्टोस्टेरॉन अनडेकॅनोएटचं इंजेक्शन घेतो: 1000 मिलिग्रॅम, दुसरा डोस सहा आठवड्यांनी, पुढे 10 ते 14 आठवड्यांनी. ते एरंडेलात असतं, चांगलं दाट, 4 मिलीलीटर. कुपी आधी हातात धरून कोमट करायची, कुशीवर झोपायचं आणि नर्सने कमरेखाली खोल स्नायूत दोन मिनिटं घेऊन सावकाश द्यायचं. घाईने दिलं तर तेलाचे थेंब फुप्फुसात पोचून जोराचा खोकला, धाप लागू शकते, म्हणून नंतर अर्धा तास दवाखान्यातच बसायचं. काही मिश्र इंजेक्शनांत शेंगदाण्याचं तेल असतं; शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर लेबल वाचा.

कामेच्छा साधारण तीन ते सहा आठवड्यांत परत येते, स्नायूंना तीन-चार महिने, हाडांना त्याहून कितीतरी जास्त. हेमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) सुरुवातीला, मग तीन ते सहा महिन्यांनी, बारा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी तपासायचं. ते 54 टक्क्यांच्या वर गेलं की औषध थांबवून कारण शोधतात. चाळिशीनंतर पीएसए या प्रोस्टेट ग्रंथीच्या रक्ततपासणीबद्दल डॉक्टरांशी बोला. अनडेकॅनोएटवर टेस्टोस्टेरॉनचं रक्त पुढच्या इंजेक्शनच्या आधी द्यायचं, एनान्थेटवर दोन इंजेक्शनांच्या मधोमध. ही वेळ चुकली तर डोस चुकीचा बदलला जातो. क्लाइनफेल्टर असलेल्यांनी हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी आणि साखरही बघावी. छातीत गाठ लागली किंवा एकच पाय सुजून दुखू लागला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं, कारण स्तनाचा कर्करोग आणि शिरांतल्या गुठळ्या, दोन्हींचा धोका आपल्याला इतर पुरुषांपेक्षा जास्त असतो.