ठाणे ते खारघर आणि परत: उन्हाची काहिली, धुळीचं वादळ आणि आत्याचा डोळा

मे महिन्यातला मंगळवार. खारघरच्या आत्याला ठाण्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आणायचं होतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन जेमतेम आठवडा झालेला, तपासणीची वेळ दुपारी चारची. सकाळी फोनवर ‘मुंबई ३५ अंश’ बघितलं आणि तेवढ्यावर घराबाहेर पडले. तिथेच चुकलं. मुंबईचं म्हणून जे तापमान सांगतात ते कुलाबा आणि सांताक्रूझच्या वेधशाळांचं, म्हणजे समुद्राजवळचं. आपण जाणार खाडीच्या पलीकडे, डोंगराच्या कडेकडेने.

ट्रान्स-हार्बरने, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणाऱ्या लोकलने, साधारण पाऊण तास लागतो. ऐरोलीपर्यंत बरं होतं. तुर्भ्याला खिडकीच्या लोखंडी गजावर हात टेकला तर चटका बसला. खारघरला उतरले तेव्हा वारा पूर्वेकडून, डोंगरावरून येत होता, भट्टीचं दार उघडल्यासारखा. आपल्याकडे एरवी दुपारपर्यंत खारे वारे सुटतात आणि तापमान आवरतात. पूर्वेचा वारा जोरात असला की ते उशिरा पोचतात आणि तेवढ्या वेळात पारा चढत राहतो. म्हणून अंदाज बघताना आकड्याइतकंच वाऱ्याच्या दिशेकडे लक्ष द्या. किनारपट्टीवर ३७ अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त झाले की हवामान खातं उष्णतेची लाट धरतं. विदर्भाचे आकडे ऐकून ‘सदतीस म्हणजे काहीच नाही’ असं कुणी म्हणू नये. दमट हवेत घाम वाळत नाही, अंग निवत नाही. १६ एप्रिल २०२३ ला याच खारघरच्या मैदानावर उन्हात बसलेली १४ माणसं गेली. त्या मैदानाजवळून जाताना मला अजून ते आठवतं.

सव्वादोनला निघायच्या तयारीत होतो. आत्याने काळा चष्मा लावला, ड्रॉप्स पर्समध्ये टाकले. मी सहज हवामान खात्याची ताजी सूचना उघडली. पुढच्या तीन तासांसाठी देतात ती: वादळी वारे, ताशी ४० ते ५० किलोमीटर, ठाणे आणि रायगड दोन्ही.

“अगं, ऊन तर लख्ख आहे,” आत्या म्हणाली.

“थांब गं जरा. अर्धा तास बघू.”

पावणेतीनच्या सुमाराला समोरचा डोंगर दिसेनासा झाला. आधी पिवळट, मग मातकट. ढगातून पाऊस कोसळायला लागला की त्याबरोबर गार हवा खाली आदळते आणि चहूकडे पसरते. तीच कोरडी माती उचलून आणते. त्यामुळे धूळ आधी येते, पाऊस मागून. खिडक्या लावल्या, सरकत्या दाराच्या फटीला ओला टॉवेल कोंबला. तरी वीस मिनिटांनी बघितलं तर ड्रॉप्सच्या बाटलीच्या झाकणावर तपकिरी थर होता. हे त्या डोळ्यात गेलं असतं तर, या विचाराने माझे हात गार पडले. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, उद्या सकाळी दहाला या.

नवी मुंबईत जाणाऱ्यांनी एक नक्की करावं. वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात, तर खारघर, कळंबोली, पनवेल रायगडमध्ये. म्हणून दोन्ही जिल्ह्यांचा इशारा बघा, आणि सकाळी बघितलेल्यावर विसंबू नका, निघायच्या क्षणी पुन्हा बघा. विजांसाठी ‘दामिनी’, हवेतल्या धुळीसाठी ‘समीर’ ही सरकारी ॲप आहेत. वादळाने वाटेत गाठलंच तर स्टेशनच्या किंवा दुकानाच्या पक्क्या छताखाली थांबा. होर्डिंग, झाड, बांधकामाचे पत्रे यांच्या जवळ मुळीच नको. १३ मे २०२४ ला अशाच वादळात घाटकोपरला होर्डिंग पडून १७ जण गेले, आणि ठाणे–मुलुंडच्या मध्ये ओव्हरहेड वायरचा खांब वाकून लोकल अडकल्या. म्हणून पाण्याची बाटली मोठीच घ्या. ओआरएसचं मोठं पाकीट एका लिटरमध्ये अख्खं घालायचं, अर्धं अर्धं नाही. कुणी उन्हात बरळायला लागलं, अंग तापलं, तर सावलीत घेऊन अंगावर पाणी मारा आणि १०८ लावा.

बुधवारी आठच्या गाडीने निघालो. खिडकीची जागा मी घेतली, आत्याला आत बसवलं, डोळ्यांच्या कडाही झाकतील असा चष्मा लावून. ऑपरेशन झालेल्या डोळ्यात कण गेला तर चोळू नका, नळाचं पाणी मारू नका, थेट डॉक्टरांना फोन करा, असं तिच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. साडेदहाला त्यांनी बॅटरी लावून डोळा बघितला आणि म्हणाले, “स्वच्छ आहे. काल आला नाहीत ते बरं केलंत.”