तुझ्या वेळचं स्वयंपाकघर

बुधवार, रात्रीचे पावणेअकरा. पाऊस आहेच.

साखरेचा डबा सकाळपासून डोक्यातनं जात नाही, म्हणून लिहायला बसले. लिहायला म्हणजे मोबाईलवर, एका अंगठ्यानं. पेन आता सणावारालाच हातात येतं.

सहाला उठले. बोटं लाकडाची. संधिवात, त्यात नवीन काही नाही. कोमट पाण्याच्या टोपात हात बुडवून बसायचं, मग ती हळूहळू वळायला लागतात, आणि साडेसात-आठला कुठं माझी होतात. मधल्या वेळात चहा. चहाला साखर. आणि साखरेच्या डब्याचं झाकण गच्च.

माझ्या घरात झाकणं लावत नाहीत, ठेवतात. नुसतं टेकवायचं, तळव्यानं ढकललं की सरकलं पाहिजे. आषाढात साखरेला पाणी सुटतं, पोहे मऊ पडतात, मिठाचा गोळा होतो, सगळं मान्य. मिठाचा गोळा चमच्यानं फोडता येतो. (कांदा-लसूण चटणीची बरणी तेवढी गच्चच हवी, त्यात वाद नाही. तिच्यासाठी हे आहेत.)

तळव्यानं बघितलं. फडकं घालून बघितलं. डबा दोन गुडघ्यांत धरून मनगटानं बघितलं. शेवटी बिनसाखरेचा चहा प्यायले आणि ओट्यासमोरच्या स्टुलावर बसून रडले. साखरेसाठी. ४४ वर्षांची बाई.

हे उठून आले, म्हणाले, "आज किती फूट?" आमच्यात असं चालतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका. पावसाळ्यात कोल्हापुरातल्या पोराला झोपेतनं उठवून विचारलं तरी सांगेल. तेच माप आम्ही माझ्या सांध्यांना लावलंय. पस्तिसाच्या आत असले तर भाकरी थापते. ३९ म्हणजे कुकर उचलायला कुणीतरी या. ४३ च्या पुढं मी बोलतच नाही, त्यावरनं ओळखायचं. आज म्हटलं, "एक्केचाळीस." त्यांनी डबा घेतला, उघडला, ठेवला आणि अंघोळीला गेले. एका हातानं उघडला. दुसऱ्या हातात टॉवेल होता.

वन्सं काल यात्रेला म्हणून आलेल्या. आषाढातला मंगळवार, त्र्यंबोली देवीची, म्हणजे आमच्या टेंबलाईची. सकाळी गल्लीतनं पी ढबाकची वाजंत्री वाजत गेली, मागनं पोरी डोक्यावर नव्या पाण्याचे कलश घेऊन. मी दारातनं हात जोडले. टेंबलाईची टेकडी यंदाही राहिली. असो. दुपारी जरा आडवी झाले ती पाचलाच जागी झाले, आणि तेवढ्या वेळात वन्संनी स्वयंपाकघर लावलं.

सगळं. डबे घासून, पुसून, वरच्या फळीवर उतरत्या ओळीनं. फळीला कातरलेल्या नक्षीचा कागदसुद्धा. झारा आणि उलथनं आतल्या ड्रॉवरमध्ये. त्यांच्या दांड्यांना यांनी सायकलच्या हँडलच्या मुठी बसवल्यात, म्हणून मला धरता येतात, आणि म्हणून ती कायम ओट्यावरच असतात. ड्रॉवर ओढायला मी नाडीचा फास बांधलेला, तो कापून टाकलेला. बरोबरच आहे, दिसायला घाणेरडाच दिसत होता. झाकणं सगळी गच्च. आणि कमरेवर हात ठेवून वन्सं म्हणाल्या, "बघ आता! अगदी तुझ्या वेळचं स्वयंपाकघर."

मी म्हणाले, "छान केलंत, वन्सं."

का म्हणाले?

तुझ्या वेळचं! म्हणजे मी गेले काय? आता फोटोला हार तेवढा घालायचा राहिलाय. बाहेर ओट्यासमोर बसलेली ही कोण मग?

दिवसभर याची उत्तरं शोधतेय. पहिलं उत्तर, त्या मोठ्या, यात्रेसाठी आलेल्या, दोन-तीन तास राबल्या, त्यांना काय बोलायचं. हे खोटं आहे. वन्संना मी तोंडावर बोलते, लग्नाच्या पंगतीत बोललेली आहे. दुसरं उत्तर, झोपेतनं उठल्याबरोबर सुचलं नाही. हेही खोटं, कारण ते तोंडातनं फार लगेच आलं. वाट बघत बसल्यासारखं.

लाज वाटली का? वाटली असेल. माझ्या आत्ताच्या स्वयंपाकघराला पद्धत आहे, पण ती बघणाऱ्याला दिसत नाही, बघणाऱ्याला पसारा दिसतो. रोजचं सगळं कमरेच्या वर आणि खांद्याच्या खाली, म्हणजे ओट्यावरच, म्हणजे ओटा कायम भरलेला. डाळी पाव-पाव किलोच्या डब्यांत, कारण दोन किलोचा डबा एका हातानं तिरका करायचा काळ गेला. पाण्याचा पिंप नळाचा, तोही स्टुलावर. फिजिओथेरपीच्या बाईंनी शिकवलंय, बोटांचं काम तळव्याला द्यायचं, तळव्याचं मनगटाला, मनगटाचं कोपराला. त्यामुळे पिशवी कोपरात अडकवते, ताट दोन्ही तळव्यांवर घेते, दार खांद्यानं लोटते. कपिलतीर्थ मंडईतनं भाजी आली की दुपारी चारनंतर निवडते, चिरते, दुसऱ्या दिवसाचीसुद्धा, कारण माझे हात चारला जागे होतात. बाहेरच्या माणसाला काय दिसतं? चार वाजता सगळा ओटाभर भाजी मांडून बसलेली बाई.

आणि मी काही नेहमीच अशी नव्हते, हे सांगायची फार खुमखुमी येते. कुणी घरात शिरलं की येते. ते अपंगत्वाचं कार्ड काढायचा फॉर्मसुद्धा त्यापायीच कपाटात पडून आहे. त्यात टक्के ठरतात, पुढचं बरंचसं ४० च्या वर की खाली त्यावर. माझे टक्के सकाळी सहाला वेगळे आणि अकराला वेगळे. कुठल्या वेळेचे लिहायचे?

खरं तर रागवायचीच असेल तर गोष्ट दुसरी होती, आणि तिथं मी अजिबात रागावले नाही. औषधं. वन्संनी सगळ्या पट्ट्या गोळा करून एका डब्यात घातल्या, नीट, रबर लावून. माझी संधिवाताची गोळी, मेथोट्रेक्सेट, आठवड्यातनं एकदाच असते, बुधवारी. फॉलिक ॲसिड वेगळ्या दिवशी. दोन्ही पिवळ्या, दोन्ही एवढ्याएवढ्याशा. बुधवारची चुकून रोज पोटात गेली तर रक्तातल्या पेशीच घटायला लागतात, माणूस दगावतो. म्हणून ती मी देव्हाऱ्याखाली कुंकवाच्या जुन्या करंड्यात ठेवते, एकटी, पट्टी कापून, एका वेळेपुरती. मघाशी नऊला करंडा उघडला तर काठोकाठ कुंकू. क्षणभर पोटात गोळा आला आणि मग एवढं हसू आलं की हे बाहेरनं बघायला आले. करंड्यात कुंकू नाही भरायचं तर काय भरायचं? त्यांचं काय चुकलं?

गोळी सापडली, घेतली. उद्या दिवसभर मळमळणार. आमटी नको, भात नको, कुणी विचारू नका.

पण मूळ मुद्दा राहिलाच. काल रात्री झोप येईना म्हणून पाणी प्यायला उठले, स्वयंपाकघरातला दिवा लावला आणि बघत राहिले. मग लक्षात आलं. ही वन्संची पद्धत नाही. इचलकरंजीला त्यांच्याकडं डाळी खाली असतात, मसाले दाराआड, आणि पोह्यांचा डबा कुठं असतो ते त्यांनाही सापडत नाही. हे लावलेलं त्यांनी त्यांच्या मनानं नव्हतंच. ही माझी मांडणी. हळदीच्या मागं मेथ्या, मेथ्यांशेजारी हिंगाची डबी आडवी. मेथ्या हळदीच्या मागं का, ते मला आता आठवत नाही. त्यांना आठवत होतं. २०१९ च्या महापुरात त्यांच्या घरात पाणी शिरलेलं, उतरल्यावर पंधरा दिवस सगळे आमच्याकडं होते. अकरा माणसं. दोन्ही वेळचा स्वयंपाक मी एका हाती काढला होता आणि वर विचारत होते, अजून कुणाला काय हवंय का. पुढच्या वर्षी हे दुखणं सुरू झालं. म्हणजे वन्संनी त्या पंधरा दिवसांत माझं स्वयंपाकघर पाठ केलं आणि इतकी वर्षं सांभाळून ठेवलं.

"छान केलंत" म्हणाले ते खरंच छान दिसत होतं म्हणून. बहुतेक. अर्धवट झोपेत दारात उभी होते आणि समोर सगळं जिथल्या तिथं. मला वाटलं मीच लावलंय. मग हात वर केला, तर खांद्यातनं कळ आली आणि फळी हातभर लांब.

हे वन्संना सांगायचं कसं? सांगितलं तर रडतील. मग त्यांना चहा करून द्यावा लागेल, आणि साखरेचा डबा गच्च.

आज दुपारी धाकटी शाळेतनं आली. दप्तर टाकलं, इकडंतिकडं बघितलं आणि काही न विचारता एकेक वस्तू जागेवर आणायला लागली. झारा ओट्यावर. पाव किलोचे डबे पुढं. झाकणं सैल. ड्रॉवरला नवीन नाडी, तिच्या जुन्या परकराची. एकही जागा चुकली नाही. तिच्या वयाला हे इतकं पाठ असणं... ते आज नको. एकदम सगळं नको.

वन्संनी काल फोटो काढून ग्रुपवर टाकलेला, त्याखाली अंगठ्यांची रांग लागलीय. थोरल्या जाऊबाई लिहितात, "वा! पहिल्यासारखं!!" दोन उद्गारचिन्हं. मी हात जोडले. त्या पिवळ्या चित्रातले हात किती सरळ असतात, बोटाला बोट लागलेलं.

संध्याकाळी वन्संचा फोन. पोचल्या, इकडंही पाऊसच, पाणी वाढतंय, आणि मग, "डबे ठेवलेस ना तसेच?"

"होय की," म्हटलं. "वरची फळी आहे तशीच आहे."

खोटं नाही ते. धाकटीचा हात तिथवर पोचला नाही, माझा पोचत नाही, आणि हे आपण होऊन कुठल्या फळीला हात लावतील असं नाही. सात डबे ओळीनं, चकचकीत, मोठ्यापासनं छोट्यापर्यंत. खालनं बघायला बरे वाटतात, कबूल करते. मघाशी धाकटीला म्हटलं, खुर्चीवर चढून बघ तरी आत काय काय आहे, चिंच मिळत नाहीये. तिनं एकेक हलवून बघितला. चिंच तिसऱ्यात निघाली.

"आई, पाचवा रिकामाच आहे. कशाला ठेवलाय?"

उतरती ओळ मोडू नये म्हणून. मीही ठेवायचे.