फॅनी फर्न : प्रतीमागे दहा सेंट

एकोणिसाव्या शतकातली अमेरिकी स्तंभलेखिका फॅनी फर्न हिच्या चुरचुरीत भाषेबद्दल बरंच लिहिलं जातं. तिचे व्यवहार मात्र बारकाईने पाहिले जात नाहीत, आणि मला तेच तिच्या लिखाणाइतके मोलाचे वाटतात.

खरं नाव सारा पेसन विलिस. जन्म १८११, अमेरिकेच्या मेन राज्यातल्या पोर्टलंडचा. १८४६ मध्ये पती टायफॉइडने गेला, मागे देणी आणि दोन लहान मुली राहिल्या. दुसरं लग्न दोनच वर्षांत मोडलं. शिवणकामावर भागेना, तेव्हा १८५१ मध्ये तिने बोस्टनच्या 'ऑलिव्ह ब्रांच' साप्ताहिकाला लेख दिला. मोबदला मिळाला ५० सेंट. सख्खा भाऊ एन. पी. विलिस न्यूयॉर्कमध्ये नावाजलेला संपादक होता. तिचं लिखाण छापायला त्याने नकार दिला.

लेख लोकप्रिय झाले तरी हाती पैसा का येईना? त्या काळी एका वर्तमानपत्रातला मजकूर दुसरं वर्तमानपत्र सर्रास उचलून छापायचं, आणि लेखकाला त्याचा छदामही मिळत नसे. नाव गावोगाव पोचलं, पण कमाई पहिल्या छपाईपुरतीच. घर चालवायचं तर दर आठवड्याला लेखांमागून लेख पाडायचे.

ही कोंडी पुस्तकाने फुटली. १८५३ मध्ये निवडक लेखांच्या 'फर्न लीव्ह्ज'साठी प्रकाशकाने दोन पर्याय दिले: हक्क विकून एकरकमी १,००० डॉलर, किंवा प्रतीमागे १० सेंट. म्हणजे १०,००० प्रती खपल्या तर बरोबरी, कमी खपल्या तर तोटा. डोक्यावर दोन मुलींचा भार असलेल्या बाईने रोख रक्कम घेतली असती तर कोण नावं ठेवणार होतं? तिने १० सेंट घेतले. वर्षभरात अमेरिकेतच सुमारे ७०,००० प्रती गेल्या, म्हणजे जवळपास ७,००० डॉलर.

पुढच्याच वर्षी आलेल्या 'रूथ हॉल' कादंबरीत हाच प्रवास आहे: विधवा, हात आखडणारे नातेवाईक, राबवून घेणारे संपादक. विलिस घराणं त्यात सहज ओळखू येत होतं. चिडलेल्या एका जुन्या संपादकाने टोपणनावामागची बाई कोण ते जाहीर करून टाकलं आणि टीकेची झोड उठली. तिला माणुसकी नसलेली मुलगी, बहीण ठरवण्यात आलं. भावावर राग होता, हे खरंच. पण कादंबरीचा जीव हिशोबात आहे. शेवटाकडे नायिकेच्या नावावरचं बँकेच्या १०० शेअरचं प्रमाणपत्र चक्क पानावर छापलं आहे. इतर कादंबऱ्यांत ज्या जागी लग्न लागायचं, त्या जागी हा कागद! हे पान मला फार आवडतं.

१८५५ मध्ये 'न्यूयॉर्क लेजर' साप्ताहिकाचा मालक रॉबर्ट बॉनर याने तिला एका कथामालेसाठी छापील रकान्यामागे १०० डॉलर दिले आणि त्या आकड्याचीच जाहिरात केली. मग साप्ताहिक सदर सुरू झालं, ते १८७२ मध्ये तिच्या मृत्यूपर्यंत चाललं.

जानेवारी १८५६ मध्ये तिने लेखक जेम्स पार्टनशी लग्न केलं, ते आधी करार लिहून घेऊनच. तिची कमाई तिची आणि मुलींचीच राहील, असं त्यात होतं. विवाहित स्त्रीच्या कमाईवर तिचाच हक्क, असा कायदा न्यूयॉर्क राज्यात यायला १८६० उजाडलं. करार नसता, तर तोवर सदराचा प्रत्येक डॉलर कायद्याने नवऱ्याचा झाला असता.