प्रश्न आधी, नावं नंतर

आमच्या शाळेत तत्त्वज्ञान हा विषय नव्हता. तरीही पुढे मी तोच घेतला आणि आज महाविद्यालयात शिकवते, ते विज्ञानाच्या सरांच्या ऑफ तासांमुळे.

एकदा त्यांनी विचारलं, "बंद घड्याळात साडेदहा वाजलेले दिसले आणि योगायोगाने तेव्हा खरोखरच साडेदहा झाले होते. मग किती वाजले हे तुम्हाला माहीत होतं का?" वर्गात दोन तट पडले. उत्तर बरोबर आहे, मग माहीत कसं नाही? छे, हे तर नशीब! सरांनी निकाल दिला नाही. "मग नशीब आणि ज्ञान यांत फरक काय, तो सांगा," एवढंच म्हणाले. आम्ही सांगत गेलो आणि ते प्रत्येक उत्तराला नवं उदाहरण आडवं घालत गेले. हे घड्याळाचं उदाहरण ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांचं, आणि याच जातीच्या उदाहरणांवर अमेरिकन तत्त्वज्ञ एडमंड गेटियर यांनी १९६३ साली लिहिलेल्या तीन पानी लेखावर अजून वाद चालतो, हे मला एम. ए.ला कळलं. तोवर तो प्रश्न माझा झाला होता.

दुसरा प्रश्न धुराचा. धूर दिसला की आपण आग आहे म्हणतो. पण जिथे धूर तिथे आग, हे सगळीकडे जाऊन पाहिलंय कुणी? इथेच प्राचीन भारतातल्या, प्रत्यक्ष दिसेल तेच मानणाऱ्या चार्वाकांनी अनुमान, म्हणजे दिसणाऱ्या गोष्टीवरून न दिसणारी ओळखणं, नाकारलं, आणि अठराव्या शतकात स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांनी उद्या सूर्य उगवेलच हे कशावरून, असं विचारलं. नैयायिक, म्हणजे भारतीय तर्काच्या न्याय परंपरेतल्या, उदयनांचं उत्तर मला आजही आवडतं: ज्या गोष्टीवर विसंबून आपण रोज वागतो, तिच्यावरच शंका घेऊ लागलो की ती शंका टिकत नाही. सरांनी या तिघांना एकाच चर्चेत बसवलं, पौर्वात्य-पाश्चात्त्य असे कप्पे केले नाहीत.

नवख्यांना व्याख्या आणि वादांची नावं आधी दिली की ती पाठ होतात आणि प्रश्न मरतो, असं माझं ठाम मत आहे. "ज्याचं त्याचं बरोबर" हे मात्र सर कधीच चालवून घेत नसत. कारण दे, नाहीतर मत बदल.

आठवी-नववीला आठवड्यातून एक तास असा असावा, ही शाळेला माझी विनंती. त्याला परीक्षा नको, गुण नकोत. तो तास घ्यायला मी आनंदाने येईन.