वाढलं ते दुखणं नव्हतं

संधिवाताच्या ओपीडीत त्या दिवशी आलेल्या ताईंचं वय ४८. फायब्रोमायल्जियाचं, म्हणजे अंगभर दुखणं, थकवा आणि न भागणारी झोप असलेल्या आजाराचं, निदान होऊन चार वर्षं झाली होती. खुर्चीत बसता बसताच त्यांनी विचारलं, "डॉक्टर, हे असंच वाढत जाणार का? अजून पाच वर्षांनी अंथरूणच धरणार का मी?"

या भीतीचं उत्तर ठामपणे देता येतं. फायब्रोमायल्जियात सांधे झिजत नाहीत, स्नायू नासत नाहीत, कुठल्या अवयवाला इजा होत नाही. मेंदू आणि मज्जारज्जू वेदनेचे संदेश वाढवून घेतात, हा त्यातला मूळ बिघाड. त्यामुळे आमवातात उपचारांअभावी सांधे वाकडे होतात तसं इथे घडत नाही. लक्षणं वरखाली होत राहतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात १,५५५ रुग्णांना ११ वर्षांपर्यंत पाहिलं होतं. सरासरी तीव्रता फारशी हलली नाही, पण साधारण चौथ्या हिश्शाच्या रुग्णांचं दुखणं चांगलंच उतरलं.

"पण माझं वाढलंय ना!" हेही खरंच होतं. आठ-नऊ महिन्यांत त्यांचं घरकाम निम्म्यावर आलं होतं. अशा वेळी 'तुमचा आजारच तसा' असं म्हणून फाइल मिटणं मला घातक वाटतं. नेमकं काय वाढलं, हे मोजावं लागतं.

फायब्रोमायल्जिया ओळखण्याच्या २०१६च्या निकषांचा तक्ता त्यासाठी फार उपयोगी आहे. एका भागात शरीराच्या १९ जागांपैकी गेल्या सात दिवसांत किती दुखल्या ते मोजायचं. दुसऱ्या भागात थकवा, झोपूनही ताजंतवानं न वाटणं आणि विसरभोळेपणा यांना प्रत्येकी ० ते ३ गुण, शिवाय डोकेदुखी, पोटदुखी आणि उदासी यांना एकेक, म्हणजे एकूण १२. निदानावेळी ताईंचे आकडे १२ आणि ६ होते. त्या दिवशी आले १३ आणि ११. दुखऱ्या जागा जवळजवळ तेवढ्याच होत्या. उडी मारली होती ती थकवा, झोप आणि स्मरण या रकान्यांनी, आणि डोकेदुखीचा गुण नव्याने आला होता. डोकं दुखायचं तेही सकाळी उठल्यावर.

तरीही बोटांची पेरं एकेक करून दाबून पाहिली, कारण आमवात आणि फायब्रोमायल्जिया एकाच माणसात असू शकतात. सूज नव्हती. हाताचा आधार न घेता त्या खुर्चीतून उठल्या, म्हणजे स्नायूंची ताकद शाबूत होती. रक्ताच्या तपासण्यांत ईएसआर आणि सीआरपी (शरीरातला दाह), टीएसएच (थायरॉइड), हिमोग्लोबिन, बी-१२ जीवनसत्त्व, सीपीके (स्नायूंची इजा) सगळं ठीक आलं. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन चालू आहे का, हे मी मुद्दाम विचारतो, त्यानेही अंग दुखतं. तेही नव्हतं.

वजन मात्र ९ किलोंनी वाढलं होतं आणि रक्तदाब १५०/९४ होता. रात्री घोरता का, असं विचारल्यावर त्या गप्प झाल्या. यजमान म्हणाले, "मधेच श्वास थांबतो हिचा. मी हलवून उठवतो."

मग गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतली. प्रीगाबालिन हे नसांच्या वेदनेवरचं औषध दिवसाला १५० मिलीग्रॅमवरून गावाकडच्या दवाखान्यात ४५०पर्यंत गेलं होतं, आणि रात्री ट्रामाडोल या वेदनाशामकाची भर पडली होती. प्रीगाबालिनने वजन वाढतं, गळ्याभोवती चरबी साठली की झोपेत श्वासमार्ग मिटतो. त्यावर ट्रामाडोलसारखं अफूच्या जातीचं औषध आलं तर श्वास आणखी मंदावतो. झोप तुटली की वेदना सहन होत नाही, म्हणून डोस वाढतो. हे चक्र बाहेरून पाहिलं तर आजारच बळावतोय असं वाटतं.

झोपेच्या तपासणीत तासाला २९ वेळा श्वास अडत असल्याचं दिसलं. झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारं सीपॅप यंत्र सुरू केलं. ट्रामाडोल टप्प्याटप्प्याने बंद केली. प्रीगाबालिन एकदम थांबवलं तर घाम, घबराट आणि निद्रानाश होतो, म्हणून दर दोन आठवड्यांनी ७५ मिलीग्रॅम उतरवत नेलं. सीपॅपचा मास्क पहिले काही आठवडे त्यांना सोसवेना. नाक कोरडं पडायचं. यंत्राला आर्द्रतेचं भांडं जोडल्यावर जमलं.

तीन महिन्यांनी आकडे ११ आणि ७. डोकेदुखी गेली. दुखणं गेलं नाही, आणि ते जाईल असं मी सांगितलंही नव्हतं.

व्यायाम मात्र त्यानंतरच मनासारखा सुरू करता आला. युरोपच्या संधिवात संघटनेच्या शिफारशींत निःसंदिग्ध पाठिंबा मिळालेला हा एकच उपाय आहे. लोक इथे एक घोळ घालतात. बऱ्या दिवशी तासभर चालतात, मग तीन दिवस पडून राहतात आणि ठरवतात की व्यायाम सोसत नाही. ताईंना सपाट रस्त्यावर सहा मिनिटं दिली. बरं वाटलं तरी सहाच, वाईट दिवशी चार, पण सुट्टी नाही. आठवडा नीट गेला तर एक मिनिट वाढवायचं. सध्या त्या १४ मिनिटांवर आहेत आणि प्रीगाबालिन पुन्हा १५०वर आलंय.