ब्रानच्या किल्ल्यात विचारलेला एक प्रश्न

रुमानियातील ब्रानचा किल्ला टूर मॅनेजर म्हणून मी चौथ्यांदा दाखवत होते आणि "हा ड्रॅक्युलाचा किल्ला" हे नेहमीचे वाक्य त्या सकाळीही बसमध्ये माइकवरून सांगितले होते. आमच्या गटात इतिहासाचे एक निवृत्त शिक्षक होते. आतल्या चौकात विहिरीपाशी थांबून त्यांनी विचारले, "ताई, तो इथे राहायला होता, ते साल कोणते?" मला उत्तर देता येईना, म्हणून तोच प्रश्न मी स्थानिक गाईडबाईंना विचारला. त्या शांतपणे म्हणाल्या, "हा किल्ला त्याचा कधीच नव्हता."

पुढचा अर्धा तास त्या बोलत होत्या आणि मी मराठीत सांगत होते. 'ड्रॅक्युला' या पहिल्याच शब्दाला अडले. कार्पेथियन पर्वताच्या दक्षिणेकडील वालाकियाचा राजा तिसरा व्लाद याच्या वडिलांना 1431 मध्ये 'ऑर्डर ऑफ द ड्रॅगन' या सरदारमंडळात घेतले गेले, त्यावरून ते 'द्राकुल' म्हणजे ड्रॅगन आणि मुलगा 'द्रकुल्या' म्हणजे ड्रॅगनचा मुलगा झाला. पण आजच्या रुमानियन भाषेत 'द्राक' म्हणजे सैतान. एकाच नावाचे हे दोन अर्थ सांगताना पुढची सगळी गोष्ट त्यातच दडलेली आहे, हे मला जाणवले.

व्लाद शत्रूंना सुळावर देत असे, हे बाईंनी जराही लपवले नाही. ब्राशोव्हच्या जर्मन व्यापाऱ्यांशी त्याचे वैर होते आणि त्याच्या क्रौर्याच्या कथा पुढे जर्मन छापखान्यांतून पसरल्या. न्यूरेंबर्गला 1499 मध्ये छापलेल्या चित्रात तो सुळावरच्या प्रेतांसमोर जेवायला बसलेला दिसतो. थडग्यातून उठणारा व्लाद मात्र त्यात कुठेच नाही. तो घडला इंग्लंडमध्ये. लेखक ब्रॅम स्टोकर यांनी 1890 मध्ये व्हिट्बी येथे वालाकियावरील एका पुस्तकातून हे नाव 'सैतान' या अर्थासह टिपून घेतले आणि 1897 च्या 'ड्रॅक्युला' कादंबरीतील रक्तपिपासू सरदाराला दिले. ते स्वतः या प्रदेशात कधी आले नव्हते. सूर्यकिरणांनी नाहीसे होणे हे तर 1922 च्या जर्मन मूकपटातले आहे, कारण कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाउजेडी हिंडतो.

"आमच्या मुलांना शाळेत तो तुर्की सुलतान दुसऱ्या मेहमेदच्या छावणीवर 1462 मध्ये रात्री छापा घालणारा राजा म्हणून शिकवतात," असे सांगताना बाईंचा आवाज जरा चढला. रात्रीच्या छाप्याचा उल्लेख ऐकताच आमच्या मंडळींनी एकमेकांकडे पाहिले; लाल महालाची आठवण कोणाला करून द्यावी लागली नाही.

ब्राशोव्हकडे परतताना मी पुन्हा माइक घेतला, सकाळी सांगितलेले चुकीचे होते हे स्पष्ट केले आणि 1431 पासून सगळे क्रमाने सांगितले. नातवासाठी सुळ्यांचा मुखवटा घेतलेल्या एका काकूंनी तो मांडीवर ठेवून सगळे लक्षपूर्वक ऐकले. सरांनी वहीत 'द्रकुल्या' असे लिहिले आणि गाईडबाईंना मोठ्याने वाचून दाखवले. त्यांनी दोनदा उच्चार सुधारला. तिसऱ्यांदा मान डोलावली.