गप्प का बसत नाही, ते सांगते

पुण्याची मावसबहीण फोनवर विचारते. इथं बेळगावात, उद्यमबागच्या ऑफिसातली कन्नड मैत्रीण "याक बेकरी मॅडम, निमग?", कशाला हवंय तुम्हाला हे, म्हणते. घरातले तर रोजच विचारतात. कशाला भांडत बसतेस त्या गल्लीच्या ग्रुपवर? कुठला व्हिडिओ खरा, कोण कुणाला काय बोललं, कुठल्या चॅनेलनं काय दाखवलं, यानं सीमाप्रश्न सुटणार आहे का? नाही सुटणार. दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, सुटला तर तिथं सुटेल. मी त्यासाठी भांडतच नाही. आजवर "सोड गं" म्हणून विषय बदलत आले. आता एकदाच नीट सांगते.

डिसेंबर २०२१. बंगळूरमध्ये शिवरायांच्या पुतळ्यावर शाई फेकल्याचा व्हिडिओ फिरला आणि त्याच रात्री इथं अनगोळात संगोळ्ळी रायण्णांच्या, म्हणजे इंग्रजांशी लढलेल्या कित्तूरच्या वीराच्या, पुतळ्याची विटंबना झाली. सुवर्णसौधमध्ये, म्हणजे इथल्या विधानभवनात, कर्नाटकाचं अधिवेशन चालू होतं, त्यामुळे गावात आधीच पोलीसच पोलीस. पाठोपाठ जमावबंदी लागली. अशात गल्लीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला, वर लिहिलेलं: "आत्ताचा. आपल्या पोरांना मारूलालेत. बघत बसायचं काय?" अंधार, पळापळ, एक पोरगा खाली पडलेला, तिघांच्या हातात काठ्या. मागं एक बंद दुकान आणि त्याच्यावर ट्यूबलाइटच्या उजेडात पाटी.

मी व्हिडिओ थांबवला आणि पाटी मोठी करून बघितली. अक्षरं गोल गोल, कन्नडच वाटावीत अशी. पण कन्नड अक्षराच्या डोक्यावर आडवी रेघ असते. या अक्षरांच्या डोक्यावर तिरक्या खुणा होत्या, गणित बरोबर आलं की बाई वहीत करतात तशा. पाटी तेलुगू होती. व्हिडिओ कुठला, कधीचा, देव जाणे, पण बेळगावचा नव्हता.

मी लिहिलं, "पाटी तेलुगू आहे. हा बेळगावचा नाही. पुढं पाठवू नका." बस, एवढंच. पहिलं उत्तर आलं: "आक्काला कन्नड बरं वाचायला येतंय की." खाली अंगठ्यांची रांग लागली. मग दुसरा: "ऱ्हातीस आमच्यात, बोलूलालीस त्यांचं." ही पोरं माझ्या डोळ्यांदेखत मोठी झालेली, त्यातल्या दोघांना मी दहावीचं गणित शिकवलेलं. अंगठेवाल्यांत माझा धाकटा दीरही होता.

मला कन्नडधार्जिणी म्हणाले म्हणून वाईट वाटलं, असं सगळे समजतात. तसं नाही. पाटी पुन्हा एकानंही बघितली नाही, ते मला झोंबलं. "नाही आक्का, ही कन्नडच आहे" म्हणून कुणी भांडलं असतं तरी चाललं असतं. व्हिडिओ खरा की खोटा हा प्रश्न कुणाला पडलाच नव्हता, मी कुणाची एवढंच त्यांना ठरवायचं होतं. आमच्या कोपऱ्यावर एका लिंगायत अप्पांचं किराणा दुकान आहे. त्या रात्री पोरं तिथंच जमली होती. दुकानाला काही झालं नाही. पण ते माझ्या लिहिण्यामुळं नाही, चौकात पोलिसांची गाडी उभी होती म्हणून. हे मला कळतं. "तुझ्या लिहिण्यानं काय झालं?" असं विचारणाऱ्यांना माझ्याकडं उत्तर नाही, हे मी मान्य करते.

पुढच्याच आठवड्यात त्यातल्या एका पोराला स्टेटसवरून पोलीस ठाण्यात बोलावलं. "एकेकाला बघून घेऊ" असं काहीतरी त्यानं लावलं होतं. त्याचे वडील माझ्या दारात आले. कागद सगळे कन्नडमध्ये, ते वाचणार कोण? मी गेले. सही करण्याआधी एकेक ओळ त्यांना मराठीत सांगितली. तिथल्या साहेबांशी कन्नडमध्ये वाद घातला, की स्टेटस वाईट आहे, पण अठरा वर्षांच्या पोराचा फोन काढून घेऊन त्याला दिवसभर बाकावर बसवण्याएवढा गुन्हा हा नाही. संध्याकाळी सोडलं. आता सासूबाई विचारतात, "तुला शिव्या देणाऱ्यांसाठी का गेलीस?" मग काय करायचं होतं? माझ्या बाजूनं बोलेल त्यालाच बोलायचा हक्क, असं म्हणायचं?

पूर्वी मला हे फार सोपं वाटायचं. बाळासाहेब ठाकरे गेल्यावर मुंबई बंद का, असं फेसबुकवर लिहिणाऱ्या पालघरच्या मुलीला आणि ते लाइक करणाऱ्या तिच्या मैत्रिणीला २०१२ मध्ये अटक झाली होती. मार्च २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टानं असल्या अटकांसाठी वापरलं जाणारं आयटी कायद्याचं कलम ६६ अ रद्द केलं, तेव्हा मी ऑफिसात पेढे वाटले होते. बोलण्याला उत्तर बोलण्यानंच द्यायचं, विषय संपला, असं मी म्हणायचे. पण त्याच वर्षी फेब्रुवारीत कोल्हापुरात पानसरेंवर गोळ्या झाडल्या होत्या, आणि ऑगस्टमध्ये धारवाडात कलबुर्गींना त्यांच्या घरी मारलं. दोन्ही गावं आमच्याच हायवेवर, एक वर, एक खाली. एक मराठीत लिहिणारे, दुसरे कन्नडमध्ये. मारणाऱ्यांना भाषेशी काही देणंघेणं नव्हतं. तेव्हाची मी आजच्या मला विचारते: त्या रात्री तो व्हिडिओ टाकणाऱ्याला पोलिसांनी उचललं असतं, तर तू गेली असतीस का ठाण्यात? माहीत नाही. स्टेटससाठी गेले. खोट्या व्हिडिओसाठी गेले असते की नाही, अजून सांगता येत नाही.

आमच्या लोकांचंही सांगते. एक नोव्हेंबरच्या काळ्या दिनाला परवानगी नाकारली की आम्हाला घटनेतलं बोलण्याच्या स्वातंत्र्याचं एकोणीसावं कलम आठवतं. बरोबरच आहे, आठवायलाच पाहिजे. मग त्याच दिवशी राज्योत्सवाला कन्नड लाल-पिवळा झेंडा घेऊन निघालेल्याला ते लागू नाही का? हे विचारलं की ग्रुपवर सन्नाटा.

टीव्हीनं तर आगीत तेलच ओतलंय. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडी टोल नाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगडफेक झाली आणि पुण्यात कर्नाटकाच्या बसना काळं फासलं. मी रिमोट घेऊन बसले होते. मराठी चॅनेलवर ट्रक, कन्नड चॅनेलवर बस, तीच तीच दृश्यं पुन्हा पुन्हा. दोन्ही खरी, आणि दोन्हीकडं अर्धी. मी ग्रुपवर दोन्ही लिहिलं, तर म्हणे तोल सांभाळते. मराठी माणसानं कन्नड सीरियल बघू नये, असाही फतवा एकदा निघाला. सासूबाई 'जोते जोतेयली' बघायच्या. ती आपल्याच 'तुला पाहते रे'वरून केलेली आहे, हे मी सांगितलं. त्यावरही भांडण झालंच.

परवा त्या पोराच्या वडिलांनी मला एकटीला एक व्हिडिओ पाठवला. पाटीवरून झालेल्या बाचाबाचीचा. "आक्का, खरा आहे काय बघ." मी बघितला. खरा होता, इथलाच होता, आणि आमच्या माणसाला विनाकारण मारलं होतं. तसं मी त्यांना कळवलं. त्यांनी तो ग्रुपवर टाकला, खाली अख्ख्या कन्नड समाजाला शिवी लिहून. मी तिथंच लिहिलं, की व्हिडिओ खरा आहे, शिवी काढा. त्यांनी अजून काढलेली नाही, आणि मीही ग्रुप सोडलेला नाही.